एकट्याचा तंबू आणि पाव लिटर पाणी

अमेरिकेतल्या कोलोराडो राज्यात सप्टेंबर उजाडला की धनुष्यबाणाने एल्कची शिकार करणाऱ्यांचा हंगाम सुरू होतो; रायफलचे हंगाम त्यानंतर, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये. एल्क हा आपल्या काश्मीरच्या हंगुलचा धिप्पाड नातलग. जगात सर्वाधिक एल्क याच राज्यात आहेत, पावणेतीन लाखांच्या घरात. पण मोटारी जातात तिथवर शिकाऱ्यांची गर्दी, म्हणून जनावर आत आणि उंच सरकते, आणि त्याच्या मागावर पाच-सात दिवसांचा संसार पाठीवर घेऊन एकटा शिकारी तीन हजार मीटरपर्यंत चढतो. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला लगाम बसला आणि १९९१ च्या दुरुस्तीने ती जवळपास पूर्ण थांबली, हे उत्तमच झाले. त्या शिकाऱ्याचा नेम आपल्याला शिकायचा नाही. त्याच्या पाठीवरच्या एका वस्तूचा प्रश्न मात्र सह्याद्रीत किंवा हिमालयात एकट्याने मुक्काम करणाऱ्या कोणालाही पडतो: एका माणसाचा तंबू निवडायचा कशावरून?

बाजाराचे उत्तर ठरलेले आहे: वजनावरून. शिकाऱ्याला ते पटतेही, कारण नर एल्क पडला की हाडे काढूनही शंभर किलोच्या आसपास मांस खाली आणायचे असते आणि त्यासाठी तीन-चार खेपा होतात. अशा माणसाला दोनशे ग्रॅमही सलतात. त्यामुळे पाचशे-सहाशे ग्रॅमचे एकपदरी तंबू हातोहात खपतात आणि सव्वा-दीड किलोचा दुपदरी तंबू ‘जुन्या वळणाचा’ ठरतो. माझे म्हणणे असे की तराजूवरचा हा आकडा खोटा नसला तरी अपुरा आहे. तो कोऱ्या, कोरड्या तंबूचा आहे. डोंगरात तंबूला ज्या पाण्याशी झगडावे लागते त्यातला मोठा वाटा पावसाचा नसतोच. तो आत झोपलेल्या माणसाचा असतो. म्हणून तंबू आधी बाष्प कसे बाहेर घालवतो ते पाहावे, ग्रॅमचा हिशेब त्यानंतर.

थोडे गणित करू. घाम न येतासुद्धा माणसाच्या श्वासातून आणि त्वचेतून दिवसाकाठी पाऊण लिटरच्या आसपास पाणी निघून जाते. आठ तासांच्या झोपेला पाव लिटर, म्हणजे तासाला तीसएक ग्रॅम. आता तंबू पाहा. एका माणसाच्या तंबूत हवा मावते जेमतेम सव्वा ते दीड घनमीटर. पाच अंश सेल्सिअसच्या हवेत घनमीटरमागे फार तर ६.८ ग्रॅम बाष्प राहू शकते. बाहेरची हवा साठ टक्के आर्द्रतेची असेल, तर त्यातली बरीचशी जागा आधीच अडलेली. उरलेल्या जागेत आणखी साडेतीन-चार ग्रॅम बाष्प मावते. म्हणजे सगळ्या चेन बंद करून झोपलेल्या माणसाच्या तंबूतली हवा आठ-दहा मिनिटांत तुडुंब भरते आणि पुढचा जवळजवळ प्रत्येक ग्रॅम कापडावर, नाहीतर स्लीपिंग बॅगवर थेंब होऊन बसतो. भाताच्या पातेल्यावरच्या झाकणाचे जे होते, तेच. पहाटे छत ठिबकू लागले की माणूस म्हणतो, तंबू गळतो. बहुतेक वेळा तो गळत नसतो.

याच गणिताची दुसरी बाजू दिलासा देणारी आहे. हे पाव लिटर पाणी रात्रभर बाहेर घालवायचे तर तासाला दहा-बारा घनमीटर हवा बदलली पाहिजे. आकडा मोठा वाटतो, पण वीतभर लांब-रुंद झरोक्यातून हवा सेकंदाला सहा-सात सेंटीमीटर इतक्या संथपणे सरकली तरी तेवढे काम होते. गालाला कळणारही नाही अशी ही झुळूक. अट एकच: झरोके दोन हवेत, एक जमिनीलगत आणि दुसरा माथ्याशी. पाण्याचा रेणू नायट्रोजन-ऑक्सिजनच्या रेणूंपेक्षा हलका, त्यामुळे दमट हवा कोरड्या हवेपेक्षा हलकी असते. शिवाय ती अंगाच्या उबेने तापलेली. ती आपणहून वर चढते. माथ्याशी वाट मिळाली की निघून जाते आणि खालून कोरडी हवा आत येते. ज्या तंबूला नुसता दार उघडण्यापुरता झरोका आहे, त्यात वाऱ्याशिवाय हे चक्र सुरूच होत नाही.

मग हवा खेळती ठेवली की प्रश्न मिटला? नाही, कारण आकाश. १८१४ मध्ये लंडनमधले वैद्य विल्यम चार्ल्स वेल्स यांनी दवावर एक निबंध लिहिला. दव आकाशातून पडते की जमिनीतून वर येते, हा तोवरचा वाद. वेल्स यांनी लोकरीचे वजन केलेले पुंजके रात्री उघड्यावर आणि आडोशाखाली ठेवून दाखवले, की निरभ्र रात्री वस्तू आपली उष्णता आकाशाकडे फेकतात, भोवतालच्या हवेपेक्षाही थंड होतात आणि म्हणून हवेतले बाष्प त्यांच्यावर उतरते. तंबूचे छत नेमके हेच करते. पातळ कापडाजवळ साठवलेली ऊब नसतेच, त्यामुळे ते हवेपेक्षा दोन-चार अंश खाली सहज जाते. रॉकी पर्वतातली हवा कोरडी, तिथे कसले आलेय दव, असा आक्षेप नेहमी घेतला जातो. उघड्या धारेवर, वाऱ्यात, तो खराही आहे. पण कोरड्या हवेचेच आकाश जास्त निरभ्र असते आणि त्यामुळे कापड जास्त गार पडते. त्यात मुक्काम ओढ्याकाठच्या कुरणात, वारा पडलेला. शरद ऋतूत तिथे सकाळी छताच्या आतल्या बाजूला पांढरे दहिवर गोठलेले सापडते, आणि पहिल्या उन्हात ते सगळे एकदम वितळून खाली येते.

ओलीचा परिणाम एका रात्रीत कळत नाही, ती साठत जाते. याचा सर्वांत बोलका पुरावा अंटार्क्टिकातला आहे. १९११ च्या ध्रुवीय हिवाळ्यात स्कॉट यांच्या मोहिमेतले विल्सन, बॉवर्स आणि चेरी-गॅरार्ड हे तिघे एम्परर पेंग्विनची अंडी आणायला पाच आठवड्यांच्या प्रवासाला गेले. चेरी-गॅरार्ड यांनी पुढे त्यावर लिहिलेल्या पुस्तकात सामानाची जातानाची आणि येतानाची वजने दिली आहेत. त्यांची स्वतःची झोपायची पिशवी निघताना १८ पौंडांची होती. परतली तेव्हा ४५ पौंडांची. आठ किलोचे वीस किलो. मधले बारा किलो म्हणजे श्वासाचा आणि घामाचा बर्फ. ती थंडी कोलोराडोच्या ऑक्टोबरपेक्षा कितीतरी भयंकर, आणि ते पिशवीत तोंड घालून झोपत, हे खरे. पण दिशा तीच. पिसांची स्लीपिंग बॅग रोज थोडी ओलावत गेली की पिसे चिकटतात, फुगवटा बसतो, आणि चौथ्या-पाचव्या रात्री त्याच तापमानात माणूस कुडकुडतो. तंबूत वाचवलेल्या वजनातला बराच भाग तोवर पिशवीत पाणी होऊन परत आलेला असतो.

यावर तंत्रज्ञानाचे उत्तर म्हणून श्वास घेणारे कापड पुढे केले जाते. १९६९ मध्ये रॉबर्ट गोर यांनी टेफ्लॉनच्या जातीचे प्लॅस्टिक झटक्यात ताणून त्यात अतिसूक्ष्म छिद्रे पाडली. पाण्याचा थेंब त्यातून जात नाही, बाष्प जाते. रेनकोटाच्या बाबतीत ही करामत मोलाची आहे. पण बाष्प पलीकडे जाते ते आतल्या आणि बाहेरच्या बाष्पदाबात फरक असेल तरच. चालणाऱ्या माणसाचे अंग कोटाच्या आत तापलेले असते, म्हणून फरक मोठा. तंबूत मात्र छत गारठलेले, बाहेरची हवाही पहाटे संपृक्त होत आलेली. फरक उरतोच कुठे? आणि छतावर एकदा बर्फाचा पापुद्रा धरला की छिद्रे बुजलीच. असा तंबू उंच, बोचऱ्या, कोरड्या थंडीत चालतो. कुरणाच्या काठी नाही.

दुसरा पदर नेमका इथे कामाला येतो. बाहेरचा पदर, म्हणजे फ्लाय, आकाशाकडे तोंड करून थंड होतो, ओलावतो, ओलावू दे. आतला जाळीचा किंवा विरळ कापडाचा पदर त्याच्यापासून चार बोटे दूर असतो. फ्लायवरचा थेंब ओघळून जमिनीकडे जातो, माणसाकडे नाही. ही चार बोटे राखणे हीच दुपदरी तंबूची खरी कसोटी, आणि ती कापडावर ठरते. नायलॉन हवेतली ओल पितो, साधारण आर्द्रतेला स्वतःच्या वजनाच्या चार टक्के. पॉलिएस्टर अर्धा टक्काही नाही. म्हणून संध्याकाळी कडक ताणलेला नायलॉनचा फ्लाय पहाटे सैल पडतो, पोट सुटल्यासारखा आत येतो आणि आतल्या पदराला टेकतो. मग दोन पदर असून नसल्यासारखे. तेवढ्याच वजनात नायलॉन जास्त मजबूत असतो, हे मान्य. पण शिकाऱ्याचा तंबू दिवस दिवस एकाच जागी उन्हात उभा असतो, उंचावर अतिनील किरणे तीव्र, आणि त्यांच्यापुढे पॉलिएस्टर जास्त टिकतो. डायनीमा नावाच्या महागड्या धाग्याच्या पापुद्र्यासारख्या कापडाला ओल पिऊन सैल पडण्याचा दोष नाही. खिशाला परवडत असेल तर त्याच्याविरुद्ध बोलण्यासारखे फार काही नाही.

हलक्या तंबूंची आणखी एक काटकसर शिकाऱ्याला अडचणीत टाकते. ते स्वतःचा खांब आणत नाहीत, चालण्याच्या काठीवर उभे राहतात. वाटसरूला हे छान. त्याची काठी आणि तंबू एकाच वेळी थांबतात. शिकारी मात्र पहाटे अंधारात तंबू उभा ठेवून निघतो आणि काठी त्याला घसरड्या उतारावर, परतताना पाठीवर चाळीस किलो असताना, सर्वांत जास्त लागते. काठी नेली की तंबू आडवा, आणि दुपारी बर्फ भुरभुरला तर स्लीपिंग बॅग त्याखाली. जनावर पडल्यावर वजन कमी हवे, हा मूळ आक्षेपही इथे ढिला होतो: मांस खराब होऊ नये म्हणून आधी तेच खाली जाते, तंबू शेवटच्या खेपेला. टिटॅनियमची छोटी चूल घालून बिनतळाचा शंकूच्या आकाराचा तंबू तापवणारेही बरेच आहेत. चुलीने हवा तापते आणि धुराड्यातून बाष्पही ओढले जाते, त्यामुळे कपडे खरोखर वाळतात. पण झोपताना चूल विझवायची. १९३४ मध्ये अंटार्क्टिकात एकटे राहिलेले अॅडमिरल बर्ड शेगडीच्या कार्बन मोनॉक्साइडने मरता मरता वाचले.

तंबू निवडण्याइतकेच महत्त्व तो रोवण्याच्या जागेला आहे. सूर्य कलला की उतारावरची हवा थंड, जड होऊन घळींतून खाली वाहते आणि कुरणात साचते. रात्री सर्वांत गार आणि दमट जागा तीच. एल्क रात्री चरायला तिथेच उतरतात, म्हणजे कुरणात तंबू ठोकणारा भिजतोही आणि शिकारही उधळतो. थोडे वर, झाडांच्या आडोशाला, एखाद्या सपाट टप्प्यावर हवा काही अंशांनी उबदार असते आणि फांद्या आकाश झाकतात, त्यामुळे फ्लाय कमी गारठतो. मात्र तिथून माणसाचा वास त्याच वाहत्या हवेबरोबर खाली जातो. म्हणून जाणते शिकारी मुक्कामासाठी बाजूची घळ निवडतात. आणि वर मान करून झाड जिवंत आहे ना, अंगावर कोसळणार नाही ना, हेही पाहतात. साल पोखरणाऱ्या भुंग्यांनी कोलोराडोत लाखो एकरांवरचे पाइन वाळवून ठेवले आहेत.

आपल्याकडे या हिशेबातला एक भाग बदलतो. जुलैत सह्याद्रीच्या माथ्यावर बाहेरचीच हवा संपृक्त, तिथे कितीही झरोके ठेवले तरी बाष्प जाणार कुठे? तिथे दुसरा पदरच काय ते वाचवतो. डिसेंबरात हरिश्चंद्रगडासारख्या उघड्या पठारावर मात्र कोलोराडोचाच नियम जसाच्या तसा लागू पडतो. झरोके उघडे ठेवले तर थंडी शिरेल, ही भीती दोन्हीकडे सारखीच. पण पातळ कापडाचा तंबू ऊब धरत नाही, ती कोरडी स्लीपिंग बॅग धरते. तेव्हा विकत घेण्याआधी तंबू उभा करायला लावा आणि त्यात बॅग पसरून आडवे व्हा. डोके आणि पावले कापडाला टेकता कामा नयेत. उतरते छत असलेल्या तंबूची आतली लांबी आपल्या उंचीपेक्षा किमान चाळीस सेंटीमीटर जास्त हवी. एवढी जागा आणि माथ्याशी झरोका नसेल, तर तंबू पाचशे ग्रॅमचा असला तरी घेऊ नका.