चौथ्या डोसचा आठवा आठवडा

जानेवारी २०२२. आपल्याकडे आरोग्य कर्मचारी आणि साठीपुढचे आजारी लोक कोविड लशीचा प्रिकॉशन डोस, म्हणजे तिसरा डोस घ्यायला निघाले होते, तेव्हा इस्रायलमध्ये साठी ओलांडलेल्यांना चौथा मिळू लागला होता. ओमायक्रॉनची लाट ऐन भरात होती. काही आठवड्यांतच आकडे हाती आले आणि त्यांनी चक्रावून टाकलं. डोसनंतरच्या चौथ्या आठवड्यात, तीनच डोस घेतलेल्यांच्या मानाने लागण निम्म्यावर आली होती. आठव्या आठवड्यात फरक जवळजवळ पुसलाच गेला. गंभीर आजार मात्र साडेतीन पटींनी कमी झाला, आणि गंभीर आजारावर नजर ठेवली त्या सहा आठवड्यांत ते संरक्षण जरासुद्धा ढळलं नाही.

डोस एकच. मग एक संरक्षण ओसरतं आणि दुसरं टिकतं, हे कसं?

लागणच होऊ द्यायची नसेल तर विषाणू पेशीला चिकटण्याआधी प्रतिपिंडांनी त्याला नाकातच गाठावं लागतं. पण ही प्रतिपिंडं रक्तातून हळूहळू कमी होत जातात. आजार फुप्फुसापर्यंत उतरायला मात्र काही दिवस लागतात, आणि तेवढ्या अवधीत विषाणूची ओळख जपून ठेवणाऱ्या स्मृतिपेशी कामाला लागतात.

या पेशी तयार होतात तो कारखाना तर थक्क करणारा. लशीनंतर काहींच्या काखेत अवधाण आलं होतं, आठवतं? तिथल्या लसिका ग्रंथीत प्रतिपिंडं घडवणाऱ्या बी-पेशी प्रतिपिंडाच्या स्वतःच्याच जनुकांत मुद्दाम चुका करतात, एरवीपेक्षा लाखो पटींनी वेगाने. ज्या पेशीच्या चुकीने विषाणूवरची पकड घट्ट होते ती पेशी जगते, बाकीच्या मरतात. उत्क्रांतीला एरवी पिढ्यान्‌पिढ्या लागतात. इथे ती काखेत, काही आठवड्यांत उरकते! अमेरिकेत सेंट लुईसच्या संशोधकांनी लस घेतलेल्यांच्या काखेत सुई घालून पेशी काढल्या, तर दुसऱ्या डोसनंतर बारा आठवड्यांनीही हा कारखाना चालूच होता. बूस्टर याच जुन्या पेशींना पुन्हा जागं करतो.

मग डोस घेतच राहिलं तर? जर्मनीतल्या ६२ वर्षांच्या एका गृहस्थाने २९ महिन्यांत २१७ डोस घेतले, तेही स्वतःहून. (त्यांतल्या १३४ डोसांची खातरजमा झाली आहे.) एर्लांगेनच्या शास्त्रज्ञांनी त्याचं रक्त तपासलं. प्रतिकारशक्ती थकल्याची खूण कुठेच नव्हती. २१७व्या डोसनंतरही प्रतिपिंडं वाढलीच. पण प्रतिकारशक्तीची दुसरी फळी असलेल्या टी-पेशींतल्या स्मृतिपेशी मोजल्या, तर त्या भरल्या तीन डोसवाल्यांइतक्याच.