ओल्या पट्टीचा गारवा

गेल्या रमजानमध्ये आमच्या गल्लीतले हमाल चाचा भर दुपारी पोतं उचलताना चक्कर येऊन पडले. म्हणून यंदा अम्मीनं चाँद दिसण्याआधीच शिलाई मशीन उघडलं.

कृती सोपी आहे. जुन्या सुती ओढणीची 36 इंच लांब, 8 इंच रुंद पट्टी घ्यायची. उलटी दुमडून लांब बाजू शिवायची आणि सुलट करायची. मधोमध जुन्या टॉवेलची घडी सरकवून तिच्या दोन्ही बाजूंना टीप मारायची. टोकं गाठीसाठी मोकळी ठेवायची. भिजवून, पिळून पट्टी मानेला बांधायची. माठातलं पाणी गार होतं त्याच न्यायानं, वाफ होणारं पाणी अंगातली उष्णता ओढून घेतं. कोरड्या हवेत हे चांगलं जमतं, कोकणातल्या दमट हवेत कमी.

“रोजा तुटणार नाही ना?” चाचांनी विचारलं. नाही तुटत. हजरत इब्ने उमर यांनी रोजात ओलं कापड अंगावर घेतल्याचा उल्लेख सहीह बुखारीत आहे. पण पट्टी म्हणजे सावली नव्हे. भोवळ आली, बोलणं असंबद्ध झालं, तर माणसाला लगेच सावलीत न्यावं, अंग गार करावं, दवाखाना गाठावा. जिवावर बेतलं तर रोजा सोडायची मुभा आहे. तो नंतर पूर्ण करता येतो.

चाचांची पट्टी पाहून त्यांच्याबरोबर पोती उचलणाऱ्या मामांनीही एक मागितली. मामांचा रोजा नसतो, पण ऊन दोघांना सारखंच. आता अम्मी पट्ट्या जोडीनंच शिवते.