बाजरीची भाकरी आणि जनुकांचा कारभार

आहार आणि जनुके या विषयावर दिवाळी अंकांत हल्ली दरवर्षी एखादा लेख असतोच. त्यात डच दुष्काळ हमखास येतो. १९४४-४५च्या उपासमारीत ज्यांची गर्भधारणा झाली, त्यांच्या आयजीएफ-२ जनुकावर, जनुकाचा कारभार ठरवणाऱ्या मिथाइलच्या खुणा साठ वर्षांनंतरही कमी सापडल्या. मग येतात पिवळ्या लठ्ठ उंदरिणी, त्यांना चारलेले फोलेट, बी-१२ आणि त्यांची सडपातळ तपकिरी पिल्ले. वाचकाला हे पाठ आहे, पुढे जाऊ.

मला सांगायचे आहे ते नगर जिल्ह्यातले. (अहिल्यानगर झाले खरे, तोंडात अजून नगरच येते.) इक्रिसॅट ही आंतरराष्ट्रीय पीकसंशोधन संस्था आणि राहुरीचे महात्मा फुले कृषी विद्यापीठ यांच्या कामातून २०१२ साली 'धनशक्ती' ही जास्त लोहाची बाजरी महाराष्ट्रात आली. त्याच सुमारास जिल्ह्यातल्या निवासी शाळांमधल्या १२ ते १६ वयाच्या २४६ मुलामुलींना सहा महिने दोन्ही वेळा बाजरीची भाकरी दिली गेली. काहींना लोहसमृद्ध बाजरीची, काहींना साध्या बाजरीची. चार महिन्यांतच पहिल्या गटाच्या रक्तातले फेरिटिन वाढले. ज्यांना मुळात लोह कमी होते, त्यांची कमतरता सहा महिन्यांत भरून निघण्याची शक्यता साध्या बाजरीवाल्यांच्या १.६४ पट निघाली. पुढे यांतल्याच काही मुलांच्या चाचण्यांत लक्ष आणि स्मरणशक्तीही सुधारलेली दिसली.

फेरिटिन या शब्दाशी जरा थांबा, खरी गंमत तिथे आहे. फेरिटिन म्हणजे पेशीतली लोहाची कणगी. ती बांधण्याचा हुकूम जनुकातून आरएनएच्या रूपाने आधीच सुटलेला असतो. पण लोह नसेल तर एक प्रथिन त्या आरएनएच्या तोंडाशी ठाण मांडून काम अडवते. तेच प्रथिन, लोह आत घेणाऱ्या ग्राहीच्या आरएनएला मात्र तुटू देत नाही. लोह आले की हे प्रथिन बाजूला होते; साठवण सुरू, ओढ कमी. तिकडे यकृतात साठा वाढला की हेप्सिडिनचे जनुक जोरात चालते आणि आतड्यातून रक्तात जाणारी लोहाची वाट आवळते. म्हणजे त्या पोरांच्या रक्तात मोजलेला आकडा हा भाकरीने पेशीच्या कारभारात घातलेल्या हाताचाच पुरावा. उंदीर नव्हेत, आपली पोरे!

तरी आमचे काही विद्वान मित्र लाळ तपासून 'तुमच्या जनुकांनुसार आहार' विकणाऱ्यांच्या परिसंवादांत अध्यक्षपद भूषवतात. दुसरी फळी जुने ते सोने म्हणणाऱ्यांची. बाजरीतले फायटेट लोहाला धरून ठेवते, बहुतेक लोह शोषलेच जात नाही, एवढे सांगितले तरी ही मंडळी रुसतात. अहो, म्हणूनच तर दाण्यात लोह जास्त हवे, आणि भाकरीसोबत लिंबाची फोडही.

आईच्या आहाराचा पोटातल्या मुलावर होणारा परिणाम पाहायलाही डचांकडे जायला नको. शेजारच्या पुण्यात केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३पासून सहा गावांतल्या मातांचा मागोवा घेतला. बी-१२ कमी आणि फोलेट जास्त असलेल्या मातांच्या मुलांत सहाव्या वर्षी इन्सुलिनला दाद न देण्याची प्रवृत्ती सर्वाधिक दिसली. मोठे काम, त्यावर इतरांनी भरपूर लिहिले आहे.

आणि आमच्याकडे काय चालले आहे? पाथर्डी-शेवगावकडे बाजरीच्या जागी कपाशी, पारनेरला कांदा. हमरस्त्यावर 'चुलीवरची भाकरी'च्या पाट्या, घरात मात्र गव्हाची पोळी. कारण बाजरीचे पीठ चार दिवसांत कडवट होते. दाण्यातला स्निग्धांश दळल्यावर विकरांच्या तावडीत सापडतो. म्हणून आमची आई दोन दिवसांपुरतेच दळायची. आता तेवढा वेळ कोणाला?

माझा जुना हट्ट मात्र सोडवत नाही. १९७२चा दुष्काळ मी तरुणपणी पाहिला. दुष्काळी कामांवर खडी फोडणाऱ्या बाया, त्यांच्या हातावर पडणारी सुकडी, घरात लाल मिलो ज्वारी. त्या वेळी पोटात असलेली मुले आज पन्नाशी ओलांडून बसली आहेत. डचांकडे जन्मनोंदी होत्या. आपल्या गावांच्या दप्तरांतही आहेत. लोणीला आणि विळद घाटात वैद्यकीय महाविद्यालये आहेत. तिथला एखादा पदव्युत्तर विद्यार्थी विषय शोधत असेल, तर त्याने जामखेड, कर्जत, पाथर्डीच्या १९७२ ते ७४च्या जन्मनोंदी उघडाव्यात. वाळवी लागायच्या आत.