ओढ्यातल्या धोंड्यांची मोजदाद

कात्रजच्या डोंगरउतारांवर उगम पावून, पेशवाईतल्या तलावांतून वाट काढीत, धनकवडी-सहकारनगरवरून पर्वतीच्या पायथ्याशी येऊन पुढे मुठेला मिळणाऱ्या आंबिल ओढ्याची आठवण पुणेकरांना होते ती बहुधा तो कोपतो तेव्हाच. 25 सप्टेंबर 2019 च्या रात्री तो कोपला, माणसे दगावली, आणि त्यानंतर काठाकाठाने सीमाभिंती उभ्या राहिल्या. पुराचे पाणी निर्वेध वाहून जावे ही अपेक्षा सर्वथा रास्त आहे. परंतु ओढा हे जलचरांचे घरही असते, आणि त्या घराची दुरुस्ती करावयाची तर आधी त्याची पाहणी करून मोडले काय आहे ते नोंदवावे लागते, एवढी साधी गोष्ट आपल्या सुधारणांच्या उत्साहात मागे पडते.

कर्नल साइक्स या ब्रिटिश अधिकाऱ्याने 1839 च्या सुमारास दख्खनच्या माशांची वर्णने प्रसिद्ध केली, तेव्हा इथल्या लोकांच्या तोंडची नावेच त्याने शास्त्राच्या दप्तरात दाखल केली. त्यामुळे आपला मळ्या आजही जगभर ‘गारा मुल्या’ या नावाने ओळखला जातो. बोटभर लांबीचा हा मासा. त्याच्या मुखाखाली मांसल चकती असते. खळाळत्या धारेत तिच्या आधाराने तो धोंड्याला चिकटून राहतो आणि त्या धोंड्यावरचे शेवाळ खरवडून पोट भरतो. म्हणजे धोंडा हेच त्याचे घर आणि तेच त्याचे ताट. डोंगर पोखरल्याने सुटलेली माती त्यावर बसली, की पाणी कितीही नितळ दिसो, मळ्याचा संसार उठलाच. गाळाचा हा उपद्रव आपल्या पूर्वजांना चांगला ठाऊक होता; नानासाहेब पेशव्यांच्या काळी कात्रजहून शहरात पाणी आणणारा जो नळ बांधला गेला, त्याच्या वाटेवर गाळ खाली बसावा अशी तजवीज केलेली होती.

पाहणीची रीत पाहू गेल्यास साधीच आहे. पात्रातून आडवे चालत जावे, प्रत्येक पावलाशी न पाहता बोट टेकवावे, जो गोटा बोटाला लागेल तो उचलून मधल्या रुंदीवर मोजावा, आणि असे शंभर गोटे झाले म्हणजे थांबावे; वोलमन या अमेरिकन संशोधकाने 1954 साली घालून दिलेली ही पद्धत आजही चालते. गोटा उचलताना तो किती गाळात रुतला होता तेही टिपावे, आणि ठेवण्यापूर्वी उलटा करून पाहावा. भाद्रपदातल्या स्वच्छ ओघळीत अशा गोट्याच्या पोटाशी एका कीटकाची तीन शेपट्यांची चपटी पिल्ले लगबगीने अंधाराकडे सरकताना दिसतात. वाळूचे कण विणून केलेल्या इवल्या नळ्या दिसतात, ज्यांत दुसऱ्या एका कीटकाची अळी राहते. ही मंडळी माशांचे अन्न, आणि पाण्याच्या प्रकृतीचे साक्षीदारही. त्यांच्या जागी नुसत्या लाल अळ्या वळवळू लागल्या, तर प्राणवायू आटला असे समजावे. मासे नांदण्यासाठी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या निकषानुसार तो लिटरमागे किमान 4 मिलिग्रॅम हवा. आणि पाणी जितके तापेल तितका तो कमी विरघळतो, म्हणून उघड्या काँक्रीटपेक्षा उंबर-करंजाची सावली ओढ्याला मोलाची.

मोजणीचे खरे प्रयोजन पुढेच आहे. डोंगरातला अभंग पट्टा आणि वस्तीतला पट्टा यांचे आकडे शेजारी मांडले, की दुखणे कोणते ते कळते. प्राणवायूच नसेल तर धोंडे रचण्यात अर्थ नाही, आधी सांडपाणी वळवावे. पाणी ठीक पण गोटे रुतलेले असतील तर वरची माती अडवावी. वैशाखात गुडघाभरही डोह उरत नसेल तर डोह जपावे. गाजावाजा करून मत्स्यबीज सोडण्याची घाई मला म्हणूनच मान्य नाही. दुरुस्तीनंतरही त्याच जागी, त्याच महिन्यांत, निदान पाच-सात वर्षे फेरमोजणी व्हावी, कारण एका चांगल्या पावसाने सुधारलेले आकडे दुसऱ्या अवर्षणात फसवे ठरतात.

आणि एक मोजमाप मृगात घ्यावे. पहिल्या पाण्याबरोबर चढणीचे मासे वर निघतात, तेव्हा रस्त्याखालच्या मोरीचे तोंड पात्रापासून किती उंचावर आहे ते पट्टी धरून पाहावे. दोन विती भरल्या, तर बोटभर मासा तिथूनच माघारी फिरतो. त्या जागी चार धोंडे पायऱ्यांसारखे बसवले, तर त्याला वर जाता येते.