स्लिप ड्रेस विकायचाय? आधी अस्तर बघा

उन्हाळ्यात एफसी रोडवर एक चक्कर मारा. कॅमिसोल, स्लिप ड्रेस, कॉर्सेट टॉप... एकेकाळी आत घालायचे प्रकार आता बाहेर घातले जातात.

यात जगावेगळं काही नाही. साडीखाली घालायचा परकर, त्यावर पोलकं आलं की मुलीचा पूर्ण पोशाख होतो. टी-शर्टही मुळात आतलाच कपडा!

मग विक्री कुठे अडते? गिऱ्हाईकाला कपडा आवडतो, पण मनात प्रश्न येतो, "हा घालून पीएमटीने जाता येईल का?" ही धास्ती तुम्ही काढायची.

१. कापड : पॉलिएस्टर सॅटिन चमकतं, पण घाम शोषत नाही. पुण्याच्या उन्हात कॉटन किंवा व्हिस्कोस बरं.

२. अस्तर : कापड उजेडात धरा. पलीकडचा हात दिसला, तर सुती अस्तर हवंच.

३. पट्टे : लहान-मोठे करता येतील असेच लावा.

४. मांडणी : अंतर्वस्त्रांशेजारी टांगू नका. पुतळ्याला टी-शर्टवर किंवा उघड्या शर्टाच्या आत घालून दाखवा. ट्रायल द्या.

५. किंमत : २२ सप्टेंबर २०२५ पासून २५०० रुपयांपर्यंतच्या कपड्यावर जीएसटी ५ टक्के आहे, त्यापुढे १८. भाव ठरवताना ही रेषा लक्षात ठेवा.

आणि हो, पहिल्याच फटक्यात शंभर पीस शिवू नका. दहा शिवा. घालून बघून जी परत ठेवेल, तिला कारण विचारा. पुढचे दहा त्याप्रमाणे शिवा.