धुराडे साफ, तर छाती साफ

गॅस आला तरी अनेक जुन्या घरांत अंघोळीचे पाणी आणि भाकरी अजून चुलीवरच होतात. विटांचे धुराडे मात्र वर्षानुवर्षे कोणी पाहत नाही. ते काजळीने तुंबते, सांध्यांतला चुना झडतो आणि धूर घरातच कोंडतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार अशा घरगुती धुरामुळे २०२० साली जगभरात सुमारे ३२ लाख माणसे दगावली. सर्वाधिक झळ लागते ती चुलीपुढे बसणाऱ्या बाईला आणि तिच्याजवळच्या लेकराला.

काय करावे?

• पावसाळा संपला की धुराडे झाडून घ्या. चूल पूर्ण थंड असावी, नाकातोंडाला फडके बांधावे. आत पाखरांचे घरटे अडकले आहे का, तेही पाहा.

• चूल पेटवल्यावर भिंतीच्या भेगांतून धूर येत असेल, तर गवंड्याकडून सांधे भरून घ्या. जुने बांधकाम चुन्यातले असेल तर चुनाच वापरा. सिमेंटने ओल आत अडकते, विटांचे पापुद्रे सुटतात.

• चुना डोळ्यांत गेल्यास लगेच भरपूर पाण्याने डोळे धुवा आणि दवाखाना गाठा.

• कोंडलेल्या धुरातील कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. चुलीजवळ डोके दुखणे, मळमळ, चक्कर जाणवल्यास सर्वांनी तत्काळ बाहेर मोकळ्या हवेत यावे. कोणी बेशुद्ध पडल्यास १०८ ला फोन करा.

• पेटती शेगडी घेऊन बंद खोलीत कधीही झोपू नका.