पिल्लू पाळताना: श्रावकाचे पाच अतिचार

कुत्र्याचे पिल्लू घरी आणण्याचा हट्ट बहुधा मुलांचा असतो, खर्च वडिलांचा असतो आणि पुढची बारा-तेरा वर्षे त्याला सांभाळण्याचे काम घरातील स्त्रियांच्या किंवा दुकानातल्या नोकराच्या वाट्याला येते. नाशिकच्या गंगापूर रोडवरील सदनिका असो की रविवार कारंजा परिसरातील खाली दुकान आणि वर घर असलेली जुनी इमारत, क्रम सारखाच असतो. पहिले आठ दिवस कौतुकाचे जातात. मग सतरंजी ओली होते, चपला कुरतडल्या जातात, शेजारी तक्रार करतात, आजी देवघराच्या दारात काठी घेऊन बसतात. सहाव्या महिन्यात "कोणी चांगले घर मिळेल का?" अशी विचारणा सुरू होते. पिल्लू तेच असते, घराचा उत्साह मात्र ओसरलेला असतो.

मुक्या प्राण्यांचा सांभाळ जैन समाजाला नवा नाही. गावोगावच्या पांजरापोळी त्याची साक्ष देतात. नाशिकची पंचवटी पांजरापोळ ही त्याच परंपरेतील संस्था. पण पांजरापोळीला देणगी देणे आणि एका जिवाला स्वतःच्या उंबऱ्याच्या आत घेणे यांत अंतर आहे. दुसऱ्या कामात जबाबदारी संस्थेवर सोपवता येत नाही. ती जबाबदारी कशी पार पाडावी, याचे मार्गदर्शन मात्र श्रावकाच्या हाताशी फार पूर्वीपासून आहे. आचार्य उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात अहिंसा अणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत. साधू पशू पाळत नाहीत. हे पाच दोष गृहस्थासाठी आहेत, आणि त्यांतील प्रत्येक दोष पाळीव प्राण्याच्या बाबतीत सहज घडणारा आहे. आजचे पशुवैद्य आणि श्वानप्रशिक्षक जे सांगतात, ते या पाच मुद्द्यांशी आश्चर्यकारकपणे जुळते.

बंध: बांधून ठेवणे

आईच्या कुशीतून निघालेले पिल्लू पहिल्या दोन-तीन रात्री रडते. त्याला गॅलरीत किंवा जिन्याखाली बांधून दार लावून घेतले, तर 'आपोआप सवय होईल' असा समज असतो. प्रत्यक्षात भीती वाढते. पहिले काही दिवस त्याचे अंथरूण घरातील कोणाच्या तरी खोलीत, पलंगाजवळ असावे आणि पिल्लू रुळेल तसे ते हळूहळू ठरलेल्या जागी सरकवावे. जन्मस्थानावरून आईच्या वासाचे एखादे फडके आणता आले तर उत्तम. पिल्लू दिवसातील अठरा-वीस तास झोपते. त्यामुळे त्याला एक शांत कोपरा हवाच. पण तेथे ते स्वतःहून जाईल असे वातावरण असावे. शिक्षा म्हणून त्या जागेत कधीही कोंडू नये.

बंध केवळ साखळीचा नसतो. अमेरिकेतील बार हार्बर येथील प्रयोगशाळेत स्कॉट आणि फुलर या संशोधकांनी अनेक वर्षे पिल्लांचे निरीक्षण करून १९६५ मध्ये आपले निष्कर्ष ग्रंथरूपाने मांडले. साधारण तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या ते चौदाव्या आठवड्यापर्यंत पिल्लू जे पाहते, ऐकते, हुंगते, ते त्याला आयुष्यभर 'ओळखीचे' वाटते. याच काळात लसीकरण अपुरे असल्याने त्याला रस्त्यावर सोडता येत नाही. पार्व्होचे विषाणू मातीत अनेक महिने टिकतात. यावर उपाय सोपा आहे. पिल्लाला कडेवर घेऊन गोदाकाठी जावे, मंदिराची घंटा, रिक्षा, हेल्मेट घातलेला माणूस, छत्री, भाजीबाजार हे सारे दुरून दाखवावे. घरात बंद राहून वाढलेले पिल्लू पुढे पाहुण्यांवर भुंकते, आणि मग त्याला बांधून ठेवण्याची वेळ खरोखरच येते.

वध: मारणे

येथे वध याचा अर्थ प्राण घेणे असा नाही. काठीने किंवा हाताने मारणे हा त्याचा अर्थ. पिल्लाच्या बाबतीत हा दोष सर्वाधिक घडतो तो शी-शूच्या सवयीवरून.

पिल्लाचे वय जितके महिने, त्यात एक मिळवून येईल तितके तास ते फार तर लघवी थांबवू शकते, असा ढोबळ हिशेब आहे. म्हणजे दोन महिन्यांच्या पिल्लाला तीन तासांपेक्षा अधिक धीर धरता येत नाही. झोपेतून उठल्यावर, खाल्ल्यावर आणि खेळल्यावर लगेच त्याला एकाच ठरलेल्या जागी न्यावे, एकच शब्द उच्चारावा आणि काम होताच शाबासकी द्यावी. चौथ्या मजल्यावरील घरात, विशेषतः पावसाळ्यात, गॅलरीत कागद पसरलेला ट्रे ठेवता येतो. घरात चूक झाल्यावर पिल्लाचे नाक त्यात घासणे किंवा चापट मारणे यातून पिल्लू एवढेच शिकते की माणसासमोर लघवी करणे धोक्याचे आहे. मग ते सोफ्याच्या मागे जाते. जागा पुसताना अमोनिया असलेले द्रावण वापरू नये, कारण त्याचा वास मूत्राच्या वासाशी मिळताजुळता असतो आणि पिल्लाला तेथेच पुन्हा बोलावतो.

चावण्याचेही तसेच. पिल्लाला २८ दुधाचे दात असतात. तिसऱ्या महिन्यानंतर ते पडू लागतात आणि सहाव्या-सातव्या महिन्यापर्यंत ४२ कायमचे दात येतात. हिरड्या शिवशिवतात म्हणून पिल्लू कुरतडते. त्याला चघळण्याचे खेळणे द्यावे, चपला कपाटात ठेवाव्यात, आणि हाताला दात लागताच खेळ थांबवून शांतपणे बाजूला व्हावे. खेळ बंद होणे हीच त्याला पुरेशी समज.

रशियन शास्त्रज्ञ इव्हान पाव्हलॉव्ह यांनी कुत्र्यांवरील प्रयोगांतून दाखवले की एखादी खूण आणि अन्न वारंवार एकत्र आले की त्या दोहोंचे नाते पक्के होते. प्रशिक्षणाचा सारा पाया यातच आहे; पण बक्षीस एक-दोन सेकंदांत मिळाले पाहिजे आणि खूण बदलता कामा नये. एकत्र कुटुंबात नेमकी येथेच अडचण येते. आजी मारवाडीत बोलतात, वडील मराठीत, मुले इंग्रजीत. एक म्हणतो 'बस', दुसरा 'बैठ', तिसरा 'सिट'. पिल्लू गोंधळते आणि हट्टी ठरते. पाच-सहा शब्द ठरवून ते फ्रीजवर चिकटवावेत व लहानथोरांनी तेच वापरावेत. दाराची घंटा वाजली की आपल्या चटईवर जाऊन बसणे हा धडा जैन घरात आवर्जून शिकवावा. गोचरीसाठी महाराजसाहेब किंवा साध्वीजी दारात आल्यावर पिल्लू अंगावर धावले, तर त्यांना परत फिरावे लागते. चटईची सवय दोन-तीन आठवड्यांच्या नियमित सरावाने लागू शकते.

छेद: अवयव कापणे

काही जातींच्या पिल्लांचे कान आणि शेपटी केवळ रुबाबासाठी कापल्या जातात. शेपटी व कान ही कुत्र्याची भाषा आहे. ती हिरावून घेतल्याने त्याच्या आरोग्याला कोणताही लाभ होत नाही. असे पिल्लू मुद्दाम मागणे म्हणजे त्या कृतीला अनुमोदन देणे होय. आजार टाळण्यासाठी पशुवैद्याने सुचवलेली शस्त्रक्रिया मात्र वेगळी. तेथे हेतू जिवाच्या हिताचा असतो.

आईपासून अकाली तोडणे हाही एका अर्थाने छेदच. २०१७ च्या केंद्रीय नियमांनुसार आठ आठवड्यांपेक्षा लहान पिल्लाची विक्री करता येत नाही. भावंडांशी खेळतानाच पिल्लू किती जोराने चावावे हे शिकते. 'लहान आणले की लवकर लळा लागतो' म्हणून महिन्याचे पिल्लू आणणाऱ्यांना पुढे चावण्याची तक्रार जास्त करावी लागते. विकत घेण्याऐवजी रस्त्यावरील निराधार देशी पिल्लू दत्तक घेणे हाही उत्तम पर्याय आहे. ते येथल्या हवेला सरावलेले असते आणि शिकण्यातही मागे नसते.

अतिभार: झेपणार नाही इतका भार

कुत्रा गाडी ओढत नाही, म्हणून हा दोष आपल्या घरी संभवत नाही असे वाटेल. पण भार अनेक प्रकारचा असतो. दाट केसांची हस्की जात थंड प्रदेशातील आहे. नाशिकचा पारा एप्रिल-मे मध्ये चाळिशी गाठतो तेव्हा ती फरच तिचा भार होते. दुपारच्या डांबरी रस्त्यावर तळहाताची मागची बाजू सात सेकंद ठेवता येत नसेल, तर तेथे पिल्लाचे पायही ठेवू नयेत. प्रशिक्षणाचा धडा तीन ते पाच मिनिटांचा असावा, दिवसातून तीन-चार वेळा. लहान मुलांनी झोपलेल्या पिल्लाला उचलणे, शेपटी ओढणे, पाहुण्यांपुढे पुन्हा पुन्हा 'शेकहँड' करायला लावणे हाही भारच.

व्यापारी घरांत सर्वांत मोठा भार एकटेपणाचा असतो. दुकान सकाळी दहाला उघडते आणि रात्री नऊला बंद होते. तेवढा वेळ रिकाम्या घरात राहणे लहान पिल्लाला शक्य नाही. आरंभी पाच मिनिटे, मग पंधरा, मग अर्धा तास असे एकटे राहण्याचे शिक्षण द्यावे लागते. दिवाळीतील फटाक्यांचीही तयारी आधी करावी: फटाक्यांचा ध्वनिमुद्रित आवाज अगदी हळू लावून त्या वेळी आवडते खाद्य द्यावे व दिवसागणिक आवाज थोडा वाढवावा. लक्ष्मीपूजनाच्या रात्री खिडक्या बंद ठेवून घरातील एकाने त्याच्याजवळ थांबावे.

अन्नपाननिरोध: अन्नपाण्यात खंड पाडणे

तीन-चार महिन्यांपर्यंत पिल्लाला दिवसातून तीन-चार वेळा, पुढे तीनदा आणि सहा महिन्यांनंतर दोनदा खायला द्यावे. शेवटचे जेवण सूर्यास्तापूर्वी देण्याची घरची रीत येथे उपयोगी पडते. रात्रीपर्यंत पोट हलके होते. रात्री ओले होऊ नये म्हणून दिवसभर पाणी तोडणे मात्र चुकीचे. पर्युषणात घरच्यांचा उपवास असला, तरी पिल्लाला उपवास नाही.

शाकाहारी घरात कुत्रा वाढू शकतो का, हा प्रश्न हमखास येतो. मांजराला मांसातील काही घटक अनिवार्य असतात; कुत्र्याची स्थिती वेगळी आहे. स्वीडनमधील संशोधकांनी २०१३ मध्ये दाखवले की पिष्टमय पदार्थ पचवणाऱ्या जनुकाच्या लांडग्यात दोन प्रती असतात, तर कुत्र्यात चार ते तीस. माणसासोबत राहून कुत्रा धान्य पचवू लागला. म्हणून शाकाहार शक्य आहे, पण दूध-पोळी म्हणजे आहार नव्हे. वाढत्या पिल्लाच्या खाद्यात कोरड्या वजनाच्या किमान २२.५ टक्के प्रथिने असावीत, असे अमेरिकेतील पशुखाद्याचे मानक सांगते. पोळीत कॅल्शियम जवळजवळ नसते. कुत्र्याची त्वचा उन्हापासून पुरेसे 'ड' जीवनसत्त्व बनवू शकत नाही, त्यामुळे तेही अन्नातूनच मिळावे लागते. जास्त दुधाने जुलाब होतात. तेव्हा पाकिटावर 'पिल्लांच्या वाढीसाठी पूर्ण आहार' असे लिहिलेले शाकाहारी खाद्य पशुवैद्याच्या सल्ल्याने निवडावे, दर पंधरा दिवसांनी वजन नोंदवावे आणि बक्षिसासाठी पनीरचे बोटाच्या पेराएवढे तुकडे, बिया काढलेले सफरचंद किंवा उकडलेला दुधी वापरावा. वजन अडले किंवा पाय वाकडे दिसू लागले, तर तत्काळ तपासणी करावी. घराचा नियम पाळताना जिवाची हाडे झिजता कामा नयेत.

नाशिककरांनी आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. या जिल्ह्याची दोन प्रमुख पिके कुत्र्यासाठी विषारी आहेत. पिंपळगाव बसवंतची द्राक्षे आणि त्यांचे बेदाणे यांनी कुत्र्याचे मूत्रपिंड निकामी होऊ शकते. किती द्राक्षांनी अपाय होईल याचा नेम नसतो. लासलगावचा कांदा, कच्चा, शिजवलेला वा वाळवलेला, रक्तातील तांबड्या पेशी फोडतो. लसणाचाही तोच गुण. जमीकंद न खाणाऱ्या घरात कांदा नसेल, पण गोदामात, बाजार समितीच्या आवारात आणि बाहेरून आणलेल्या चिवड्यात तो असतोच. शिऱ्यातील बेदाणे तर प्रेमाने भरवले जातात. पिल्लाने द्राक्षे खाल्ल्याचे कळताच, लक्षणांची वाट न पाहता पशुवैद्याकडे न्यावे.

लसींचा हिशेबही याच सदरात मांडावा. सहा ते आठ आठवड्यांपासून पार्व्हो, डिस्टेंपर आदींची लस, सोळा आठवड्यांपर्यंत दर तीन-चार आठवड्यांनी तिची पुनरावृत्ती, तिसऱ्या महिन्यात रेबीजची लस आणि पशुवैद्याच्या सांगण्याप्रमाणे जंतनाशक. शिवाय महानगरपालिकेचा परवाना.

प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा भारतीय कायदा १९६० चा. त्याच्या कलम ११ मध्ये मारणे, अतिश्रम करायला लावणे, आखूड साखळीने दीर्घकाळ बांधणे, पुरेसे अन्नपाणी न देणे आणि कारणाशिवाय बेवारस सोडणे हे अपराध मोजले आहेत. पहिल्या अपराधाला दंड दहा ते पन्नास रुपये! एवढ्या दंडाने कोणी सुधारेल अशी अपेक्षा नाही. व्रताचे काम कायद्याच्या आधी सुरू होते.

म्हणून पिल्लू आणण्यापूर्वी घरातील सर्वांनी एकदा एकत्र बसावे आणि एका कागदावर लिहावे: सकाळी सहाला त्याला खाली कोण नेईल, दुपारी दुकान चालू असताना त्याच्याजवळ कोण असेल, औषधपाण्याचा खर्च कोणाच्या खात्यातून होईल, कुटुंब शिखरजी किंवा पालिताण्याच्या यात्रेला गेले तर ते कोणाकडे राहील, आणि मुले शिक्षणासाठी पुण्याला गेल्यावर त्याचे काय. प्रत्येक प्रश्नापुढे एक नाव हवे. सगळी नावे भरली तर पिल्लू अवश्य आणावे. घराला त्याच्याइतका निष्ठावान सोबती दुसरा मिळणार नाही. एखादी जागा रिकामी राहिली, तर ती भरेपर्यंत थांबणे हीही त्या जिवावरची दयाच आहे.